कडी आतून

संध्याकाळचे साडेसात वाजले असतील. स्वयंपाकघरात पोळ्या चालल्या होत्या. हॉलमध्ये तिघी-चौघी मुली एकमेकींच्या वेण्या घालत बसल्या होत्या. फाटकापाशी गाडी थांबल्याचा आवाज आला, तशा सगळ्या गप्प झाल्या. साध्या कपड्यांतल्या दोन महिला पोलीस आणि त्यांच्या मधोमध एक मुलगी. हातात कापडाच्या दुकानाची पिशवी, पायात दोन वेगवेगळ्या चपला. अधीक्षिका ताई पुढे झाल्या. नाव, गाव, वय यांतलं काहीच त्यांनी विचारलं नाही. "जेवलीस का गं?" एवढंच म्हणाल्या.

मुलगी बोलली नाही. व्हरांड्यातल्या टेबलावर सह्या सुरू झाल्या. आदेशाची प्रत, वैद्यकीय तपासणीचा कागद, सामानाची यादी. यादीत लिहिलं होतं : पिवळ्या धातूची अंगठी एक, सिमकार्ड नसलेला मोबाईल एक, रोख रुपये ४०. तेवढ्यात आतल्या मावशींनी तिला टॉवेल, साबण आणि धुतलेला गाऊन दिला, न्हाणीघर दाखवलं आणि त्या बाजूला झाल्या. मुलीनं दार लोटलं. आतून कडी लावल्याचा आवाज आला. मग काढल्याचा. पुन्हा लावल्याचा. असं तीनदा झालं आणि मग नळ सुरू झाला.

"सगळ्याच बघतात," ताई मला हळूच म्हणाल्या. "कडी आतून लागते का ते. त्या जिथून येतात तिथं ती बाहेरून असते."

श्रावणापासून दसऱ्यापर्यंत या संस्थेत मी जाऊन येऊन होते. संस्थेचं नाव, गाव, जिल्हा काहीच इथं सांगणार नाही, आणि मुलींच्या बाबतीत ओळख पटेल असं काही लिहिणार नाही. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, हे कायद्याचं कारण झालं. त्याहून साधं कारण म्हणजे, दलालाचा माणूस रोज गावभर पत्ता विचारत फिरत असतो. या घरावर पाटी नाही. पोस्टमन टपाल शहरातल्या कार्यालयात टाकतो, तिथून ते इथं येतं. भाजीवाल्याला वाटतं, हे मुलींचं वसतिगृह आहे.

गुप्तता ही या कामाची जुनी सवय आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा गावात लागलेल्या जाहिरातींतलं मुख्य आश्वासन गुप्ततेचंच होतं. फसलेल्या, नाडलेल्या विधवेनं गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल न्यायचं तर न्यावं, ठेवायचं तर ठेवावं. फुले दांपत्यानं पुढे दत्तक घेतलेला यशवंत अशाच एका विधवेचा मुलगा. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केलं, ते पुढे पुण्याला हलवलं, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुली-बायकांसाठी केडगावला मुक्ती सदन उभं केलं. रमाबाई स्वतः दुष्काळात होरपळलेल्या होत्या. अशा वेळी उपाशी मुलींच्या मागावर कोण असतं, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. दुष्काळ पडला, घर मोडलं, बाप वारला की दलाल दारात उभा राहतो. आज तो लग्नाचं स्थळ घेऊन येतो, ब्यूटी पार्लरमधली नोकरी घेऊन येतो किंवा मोबाईलवर मैत्री करून येतो. सव्वाशे वर्षांत बदल झाला तो एवढाच.

असंच एक घर पुण्याजवळ वढू बुद्रुकला आहे, 'माहेर'. संभाजी महाराजांच्या समाधीचं हे गाव. तिथं सिस्टर लुसी कुरियन यांनी २ फेब्रुवारी १९९७ ला संस्था सुरू केली. तिच्या मागची हकिगत त्यांनी अनेक ठिकाणी सांगितली आहे. १९९१ मध्ये, त्या पुण्यात एका संस्थेत काम करत असताना, एक गरोदर बाई त्यांच्याकडे आली. नवरा मारून टाकील, आजची रात्र राहू द्या, म्हणाली. कॉन्व्हेंटमध्ये बाहेरच्या बाईला ठेवता येत नव्हतं. लुसींनी तिला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. त्याच रात्री नवऱ्यानं तिला पेटवून दिलं. ती गेली, पोटातलं मूलही गेलं. त्यानंतर 'माहेर' उभं राहायला सहा वर्षं लागली.

केरळातून आलेल्या एका सिस्टरनं या कामाला नाव दिलं ते मराठीतलं सर्वांत मायेचं. नेपाळात अनुराधा कोईराला यांनी १९९३ मध्ये काढलेल्या संस्थेचं नाव 'माइती नेपाल'. माइती म्हणजेही माहेर. दोन देशांतल्या दोन बायकांना हाच शब्द सुचला, यात मला नवल वाटत नाही. पण या नावाबरोबर एक जबाबदारी येते. माहेरी बाई स्वतःच्या पायानं येते आणि स्वतःच्या पायानं जाते. तिला जाऊ देत नाहीत ते माहेर नव्हे. मी जे जे पाहिलं, ऐकलं, त्या सगळ्यातून माझ्यापुरता निघालेला निष्कर्ष हाच आहे. निवारागृह चांगलं की वाईट हे इमारतीवरून, देणगीदारांच्या पाट्यांवरून ठरत नाही. कडी कोणत्या बाजूला आहे आणि ती कोणाच्या हातात आहे, यावरून ठरतं.

हे सांगायला सोपं आहे. चालवायला फार अवघड. फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईत कामाठीपुरा आणि आसपास पोलिसांनी मोठी कारवाई केली. चारशेहून अधिक मुली-बायका बाहेर काढल्या गेल्या. त्यांतल्या पुष्कळ नेपाळच्या होत्या. त्यांना ठेवायचं कुठे, याचा विचार आधी झालेला नव्हता. सरकारी गृहांत त्या दाटीवाटीनं राहिल्या. मुली परत घ्यायला नेपाळ सरकार राजी होईना. शेवटी तिथल्या स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेतला, आणि शंभराहून अधिक मुली जुलैमध्ये मायदेशी परतल्या. म्हणजे सुटकेनंतरचे पाच-सहा महिने त्या मुंबईतच कोंडून होत्या, एका कुलपातून दुसऱ्या कुलपात. परतलेल्यांपैकी काही जणींनी स्वतःचीच संस्था उभी केली, 'शक्ती समूह'. वाचलेल्या मुलींनी वाचलेल्या मुलींसाठी चालवलेली संस्था. २०१३ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार तिला मिळाला. आमची काळजी घ्या, असं म्हणण्याऐवजी त्या म्हणाल्या, आम्हाला ठरवू द्या.

आपल्याकडचा कायदा १९५६ चा. १९८६ च्या दुरुस्तीपासून त्याला अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम म्हणतात, बोलताना नुसतं 'पिटा'. त्याच्या १७ व्या कलमानुसार सोडवलेल्या बाईला दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं, चौकशी होईपर्यंत तीन आठवड्यांपर्यंत सुरक्षित ताब्यात ठेवायचं, आणि गरज वाटल्यास संरक्षणगृहात एक ते तीन वर्षं ठेवण्याचा आदेश द्यायचा. मदतीला पाच प्रतिष्ठित व्यक्तींचं मंडळ नेमता येतं, त्यांत शक्यतो तीन बायका. या सगळ्यात स्वतः त्या बाईला काय हवं, याला जागा फार थोडी. अल्पवयीन मुलीचं वेगळं. 'प्रेरणा' या मुंबईच्या संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं २००२ मध्ये स्पष्ट केलं की अशा मुलीला बालकल्याण समितीपुढेच न्यायचं, आणि पालक योग्य आहेत याची खात्री पटल्यावरच तिला त्यांच्या हवाली करायचं. हा निकाल फार मोलाचा. कारण तोवर 'मी मामा', 'मी काकी' म्हणत अड्ड्याचीच माणसं वकील घेऊन येत आणि मुलींना परत घेऊन जात.

पण सज्ञान बाईचं काय? सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तीन तरुणींना संरक्षणगृहात ठेवण्याचा आदेश रद्द केला. सज्ञान स्त्रीला आपला व्यवसाय आणि राहण्याची जागा निवडण्याचा हक्क आहे, इच्छेविरुद्ध तिला डांबता येत नाही, असं न्यायालयानं सांगितलं. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना संरक्षणगृहांची पाहणी करायला आणि मनाविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान बायकांच्या सुटकेची प्रकरणं वेळेत निकाली काढायला सांगितलं. सांगलीच्या 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद'च्या बायका हेच कितीतरी वर्षं सांगत आल्या आहेत. धाडी घालून, गाडीत कोंबून केलेलं पुनर्वसन आम्हाला नको, असं त्यांचं म्हणणं. निवारागृह चालवणाऱ्या पुष्कळांना हे ऐकायला आवडत नाही. मला वाटतं, त्यांनी ते सर्वांत आधी ऐकायला हवं.

मी ताईंना हे विचारलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "बावीस वर्षांची म्हणून कागदावर आलेली असते. पहिले आठ दिवस ओरडत असते, मला सोडा, मी स्वखुशीनं गेले होते. आठ दिवसांनी कळतं, ती सोळाची आहे. तिला बावीस सांगायला शिकवलेलं असतं. आणि काही खरोखरच बावीसच्या असतात, त्यांना खरोखरच जायचं असतं. त्यांना मी थांबवत नाही. फक्त म्हणते, फोन नंबर पाठ करून जा."

वयनिश्चितीचा हा घोळ बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. कायद्याप्रमाणे आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर जन्माचा दाखला, आणि काहीच नसेल तरच हाडांची तपासणी. हाडांवरून निघणारं वय हा अंदाज, त्यात एक-दोन वर्षं इकडेतिकडे. सोळा-सतराची मुलगी त्या एक-दोन वर्षांत सज्ञान ठरू शकते आणि मग सगळाच मार्ग बदलतो. म्हणून केसवर्कर गावोगावच्या शाळांत फोन करत बसते. "बाई, तुमच्याकडं २०१७ ला पाचवीत एक मुलगी होती का?" समोरून म्हणतात, हजेरीपट उंदरानं खाल्ला. मग ती एसटीनं जाते. एका दाखल्यासाठी दोन दिवस आणि नऊशे रुपये. या कामावर कुणी सिनेमा काढणार नाही, पण मुलगी वाचते ती यानं.

पहिले पंधरा दिवस सर्वांत कठीण. अड्ड्यावर मुलींना पढवलेलं असतं की पोलीस मारतात, संस्थेत कोंडतात, औषधं देऊन वेड लावतात. शिवाय उचल. ऊसतोडीच्या टोळीत जशी उचल असते तशीच इथंही. मालकिणीनं दलालाला दिलेली रक्कम मुलीच्या नावावर चढते, त्यावर कपडे, खोली, औषधपाणी चढत जातं. ती फेडल्याशिवाय सुटका नाही, हे मुलीच्या डोक्यात इतकं घट्ट बसतं की सुटका झाल्यावरही ती म्हणते, माझं अजून साठ हजार बाकी आहे, मला जायला हवं. कायद्यापुढे अशा कर्जाला काडीचीही किंमत नाही, हे समजावण्यात कधी महिना जातो. उशीखाली पोळी लपवणं तर नेहमीचंच. मावशी अंथरुणं झाडताना सापडलेली शिळी पोळी फेकत नाहीत. तीच चादर पुन्हा तशीच घालतात आणि ताजी पोळी डब्यात घालून उशाशी ठेवतात. हळूहळू लपवणं थांबतं.

मला या घरात सर्वांत महत्त्वाची वाटली ती रात्रपाळीची बाई. दिवसा समुपदेशक असते, शिवणवर्ग असतो, वकील येऊन जातात. रात्री दोन वाजता मुलगी किंचाळत उठते तेव्हा जागी असते ती हीच. ती विधवा आहे, सातवी शिकलेली. कुठल्याही प्रशिक्षणात तिला कुणी सांगितलं नसेल, पण ती झोपलेल्या मुलीला कधी हात लावून उठवत नाही. दारात उभी राहून नावानं हाक मारते, आधी आपलं नाव सांगते, मग तिचं. "मी आहे गं, रात्रीची मावशी." मुली तिला हाच शब्द वापरतात. तिचा पगार मी इथं लिहीत नाही, कारण लाज वाटते.

पैशाचं सांगायलाच हवं. केंद्र सरकारची 'उज्ज्वला' ही अनैतिक व्यापारातून सुटलेल्यांसाठीची योजना २००७ मध्ये आली. निराधार स्त्रियांसाठी 'स्वाधार गृह' होतं. २०२२ पासून दोन्ही 'मिशन शक्ती'खाली 'शक्ती सदन' म्हणून एकत्र झाल्या. खर्चाचा वाटा महाराष्ट्रासारख्या राज्यात केंद्राचा साठ टक्के, राज्याचा चाळीस. कागदावर व्यवस्था चांगली आहे. या संस्थेला मात्र दोन हप्ते वर्षभर उशिरा मिळाले. तोवर किराणावाल्याची उधारी, घरभाडं, कर्मचाऱ्यांचे अर्धे पगार. विश्वस्तांपैकी एकानं घर तारण ठेवलं. हप्ते अडवणाऱ्या कार्यालयाचं नाव लिहून उपयोग नाही, कारण टेबल बदललं तरी चाल तीच राहते. पण एक गोष्ट ठामपणे सांगते. मुलीला सोडवायला गाडी, पंच, प्रसिद्धी सगळं असतं. सोडवल्यानंतरच्या तीन वर्षांसाठी कुणी नसतं.

कोर्टाचा दिवस मी एकदा सोबत काढला. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा म्हणतो, दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलीची साक्ष व्हावी आणि शक्यतो वर्षात खटला संपावा. आम्ही गेलो ती साक्ष घटनेनंतर तिसऱ्या वर्षी होती. पहाटे पाचला उठून मुलीनं केस धुतले. कोणता ड्रेस घालायचा यावर तिच्या मैत्रिणींत चर्चा झाली आणि एकमतानं आकाशी ठरला. जिल्हा न्यायालयाच्या व्हरांड्यात समोरच्या बाकावर आरोपीची आई आणि बहीण बसलेल्या. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त एकटक बघत राहिल्या. समुपदेशिकेनं त्यांच्याकडे पाठ करून मधे उभं राहायचं ठरवलं आणि ती सव्वातीन तास तशीच उभी राहिली. चार वाजता पुकारा झाला. बचाव पक्षाच्या वकिलांनी मुदत मागितली, मिळाली. परतीच्या गाडीत मुलगी म्हणाली, "मग आकाशी पुन्हा धुवायला लागेल." त्या पुढच्या तारखेला तिनं साक्ष दिली. तेव्हा मी नव्हते.

बांगलादेशातून आणलेल्या मुलींची वाट आणखी लांब. २०१५ मध्ये मानवी व्यापार रोखण्यासाठी दोन देशांत सामंजस्य करार झाला. तरी घराचा पत्ता पडताळणं, नागरिकत्वाची खात्री, प्रवासाचा परवाना यांत महिन्यांमागून महिने जातात. मुलीला गावाचं नाव माहीत असतं, तालुका, जिल्हा माहीत नसतो. एकीनं भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे आपल्या गावाचा नकाशा काढला होता. नदी, मशीद, शाळा, सुपारीची बाग. त्या नकाशावरून तिकडच्या संस्थेच्या माणसानं गाव शोधलं.

इथवर चांगल्या घराबद्दल लिहिलं. वाईट घरं असतात, हे विसरून चालणार नाही. बिहारच्या मुजफ्फरपूरमधल्या बालिका गृहातले अत्याचार २०१८ मध्ये बाहेर आले, ते टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'कोशिश' पथकानं केलेल्या सामाजिक लेखापरीक्षणातून. ते गृह सरकारी अनुदानावर चालत होतं. पाहणीला अधिकारी जात होते, रजिस्टरवर शेरे मारून येत होते. 'कोशिश'च्या मुलामुलींनी केलं ते इतकंच की कर्मचाऱ्यांना बाजूला करून ते मुलींशी बोलले. २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयानं ते गृह चालवणाऱ्याला जन्मठेप दिली. तेव्हापासून कोणत्याही संस्थेत गेले की मी आधी रजिस्टर बघत नाही. मुली कर्मचाऱ्यांसमोर हसतात का आणि भांडतात का, हे बघते. ज्या घरात मुली भांडत नाहीत, भाजीला नावं ठेवत नाहीत, तिथं माझ्या पोटात गोळा येतो.

या घरात भांडणं पुष्कळ होतात. टीव्हीच्या रिमोटवरून, केसाच्या क्लिपवरून, आणि दर रविवारी फोन कोणी आधी करायचा यावरून. फोन म्हणजे घरचा फोन. दिवाळीच्या आठवड्यात रांग सर्वांत मोठी. काही घरी फोन उचलत नाहीत. काही घरी आई उचलते, हळू आवाजात बोलते आणि मधेच म्हणते, "हां, राँग नंबर." म्हणजे बाप आत आला. मुलींना हे कळतं. त्या "बरं मावशी" म्हणून फोन ठेवतात.

संस्थेच्या अहवालात पुनर्वसनाचे आकडे द्यावे लागतात. किती लग्नं लावली, असं देणगीदार हमखास विचारतात. लग्न झालं की सुटलो, असं सगळ्यांनाच वाटतं. ताईंनी गेल्या काही वर्षांपासून लग्नं जमवणं बंद केलं आहे. कुणी स्वतः ठरवलं तर पाठीशी उभं राहायचं, पण स्थळ शोधायचं नाही. "याच मुलीला लग्नाचं आमिष दाखवून नेलं होतं हो," त्या म्हणतात, "मी तेच कसं दाखवू?" त्याऐवजी त्या तीन कागदांमागे लागतात. आधार, बँकेचं खातं, आणि कौशल्याचं एखादं खरं प्रमाणपत्र. पापड-लोणची आणि अगरबत्ती यांत मुलीचं पोट भरत नाही, हे त्या उघड सांगतात. इथून गेलेल्यांपैकी एक आज डायलिसिस टेक्निशियन आहे, एक पेट्रोलपंपावर, एक शहरातल्या हॉटेलच्या किचनमध्ये. एक परत गेली, जिथून आली होती तिथं. तिचा नंबर ताईंच्या मोबाईलमध्ये आहे, आणि पाडव्याला तिचा फोन येतो.

त्या पहिल्या संध्याकाळी आलेली मुलगी दसऱ्याला भेटली. चपला एकाच जोडीच्या होत्या. तिच्या खोलीतल्या लोखंडी कप्प्याला छोटं कुलूप होतं आणि किल्ली तिनं गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात ओवली होती. प्रत्येकीला असा कप्पा मिळतो. दुसरी किल्ली कार्यालयात नसते. हरवली तर कुलूप तोडायचं, असा नियम आहे.

आता वाचकहो, तुमच्याकडे एक मागणं. दिवाळीत अशा संस्थांमध्ये फराळाचे इतके डबे येतात की चिवडा मऊ पडतो. वाढदिवसाला केक घेऊन, मुलींसोबत फोटो काढायला लोक येतात. फोटो काढू नका, आणि केक नेलाच तर तो फाटकापाशी देऊन या. जवळच्या संस्थेला फोन करा आणि विचारा, तुमच्या रात्रपाळीच्या ताईंना पगार किती, आणि तो वर्षभर आम्ही दहा जणांनी मिळून दिला तर चालेल का? तुमचा कारखाना, दवाखाना, दुकान असेल तर एक जागा ठेवा, आणि आलेल्या मुलीला आधी कुठं होतीस हे कधीही विचारू नका. शेजारच्या घरात काही खटकलं तर बाईसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक चोवीस तास सुरू असतात. उद्या ये, असं कुणाला सांगू नका.